एक्स.ऑर्ग सर्व्हरमधील जुन्या सी कोडची पुनर्रचना

एक्स.ऑर्ग सर्व्हर हा एक्स विंडो सिस्टीमचा मुक्त स्रोत डिस्प्ले सर्व्हर असून तो मुख्यतः सी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला आहे. लिनक्स, बीएसडी आणि तत्सम ऑपरेटिंग सिस्टीमवर पडद्यावरील चौकटी, कळफलक, माउस आणि ग्राफिक्स कार्ड यांचा मेळ घालण्याचे काम हा सर्व्हर करतो. त्याच्या कोडचा काही भाग १९८०च्या दशकातील आहे. बाह्य वर्तन न बदलता अशा कोडची अंतर्गत रचना सुधारणे, निरुपयोगी भाग काढून टाकणे आणि धोकादायक लेखनपद्धतींच्या जागी सुरक्षित पद्धती आणणे या प्रक्रियेस कोडची पुनर्रचना किंवा रिफॅक्टरिंग असे म्हणतात. एक्स.ऑर्ग प्रकल्पात ही प्रक्रिया २००४ पासून टप्प्याटप्प्याने चालू आहे. दीर्घायुषी सी प्रकल्पाच्या देखभालीचे एक प्रमुख उदाहरण म्हणून तिच्याकडे पाहिले जाते.

पार्श्वभूमी

एक्स विंडो सिस्टीमचा आरंभ १९८४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे प्रोजेक्ट अथीना या उपक्रमाच्या काळात झाला. बॉब शाइफलर आणि जिम गेटिस हे तिचे आद्य रचनाकार होत. प्रोटोकॉलची अकरावी आवृत्ती, म्हणजेच एक्स११, सप्टेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीच आजही वापरात आहे. सी भाषेचे पहिले अमेरिकी प्रमाणीकरण १९८९ मध्ये झाले. त्यामुळे एक्स११चा मूळ कोड प्रमाण सी भाषेपेक्षाही जुना ठरतो. त्यातील अनेक फंक्शने जुन्या शैलीत लिहिलेली होती. त्या शैलीत फंक्शनच्या नावापुढील कंसात केवळ चलांची नावे येत आणि त्यांचे प्रकार कंसाबाहेर नमूद केले जात. परिणामी, फंक्शनला चुकीच्या प्रकारची किंवा चुकीच्या संख्येची मूल्ये दिली गेली, तरी कंपायलर ती चूक दाखवून देत नसे.

१९९२ पासून वैयक्तिक संगणकांवरील सर्व्हरचा विकास प्रामुख्याने एक्सफ्री८६ या प्रकल्पात झाला. २००४ मध्ये या प्रकल्पाने ४.४ आवृत्तीसाठी परवान्याच्या अटी बदलल्या. त्यावरून मतभेद होऊन बहुसंख्य विकासक नव्याने स्थापन झालेल्या एक्स.ऑर्ग फाउंडेशनकडे वळले. एप्रिल २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली एक्स११आर६.७ ही आवृत्ती एक्सफ्री८६च्या परवानाबदलापूर्वीच्या कोडवर आधारित होती. अशा प्रकारे एमआयटीतील नमुना सर्व्हर, विविध संगणक कंपन्यांनी घातलेली भर आणि एक्सफ्री८६चे काम असा तीन पिढ्यांचा कोड एक्स.ऑर्ग प्रकल्पाच्या हाती आला.

कोडची रचना

सर्व्हरचा कोड परंपरेने चार स्तरांत विभागलेला आहे. उपकरणनिरपेक्ष स्तर (डीआयएक्स) क्लायंटकडून आलेल्या विनंत्या स्वीकारून योग्य फंक्शनकडे सोपवतो. यंत्रनिरपेक्ष स्तरात (एमआय) रेषा, आकृत्या आणि चौकटींचे दृश्य भाग यांविषयीची सर्वसाधारण गणिते असतात. उपकरणसापेक्ष स्तर (डीडीएक्स) प्रत्यक्ष यंत्रणेशी संबंध ठेवतो, तर ओएस स्तर ऑपरेटिंग सिस्टीमशी.

प्रत्येक पडद्यासाठी एक मोठे स्ट्रक्चर असते आणि त्यात अनेक फंक्शन पॉइंटर साठवलेले असतात. एखाद्या विस्ताराला पडद्याच्या कामात हस्तक्षेप करायचा असेल, तर तो मूळ पॉइंटर स्वतःजवळ जपून त्या जागी आपले फंक्शन ठेवतो. या पद्धतीस ‘रॅपिंग’ म्हणतात. वारसाहक्काची सोय नसलेल्या सी भाषेत वस्तुनिष्ठ रचनेचा लाभ मिळवून देणारी ही युक्ती लवचिक आहे. मात्र अनेक विस्तारांनी एकाच पॉइंटरवर असे थर चढवले आणि ते उलट्या क्रमाने उतरवले गेले नाहीत, तर पॉइंटर चुकीच्या फंक्शनकडे निर्देश करतो. पुनर्रचनेत या थरांचा क्रम अबाधित राखणे हे विशेष कठीण काम असते, कारण हा क्रम कोडमध्ये एके ठिकाणी नमूद केलेला नसून तो विस्तार कोणत्या क्रमाने सुरू होतात यावर अवलंबून असतो.

बदलाच्या सीमा

या सर्व्हरमध्ये कोणता बदल करता येईल हे तो बदल कोणत्या सीमेच्या आत पडतो यावरून ठरते. अशा तीन सीमा सांगता येतात.

पहिली सीमा प्रोटोकॉलची आहे. क्लायंट आणि सर्व्हर यांच्यातील संदेशांची मांडणी १९८७ पासून स्थिर आहे आणि जुने प्रोग्रॅम चालू राहावेत यासाठी ती बदलता येत नाही. एखादी जुनी निवड गैरसोयीची ठरली तरी ती सांभाळावी लागते. क्लायंटच्या बाजूच्या एक्सलिब या लायब्ररीत ३२ बिटांची माहिती ‘लाँग’ या प्रकाराच्या सारणीतून द्यावी लागते. ६४ बिटांच्या बहुतेक युनिक्ससदृश प्रणालींवर ‘लाँग’ ६४ बिटांचा झाला, तरीही हा नियम तसाच ठेवावा लागला.

दुसरी सीमा द्विमान अनुकूलतेची (एबीआय) आहे. ग्राफिक्स कार्ड आणि निविष्टी उपकरणांचे ड्रायव्हर हे स्वतंत्रपणे कंपाइल होणारे मॉड्यूल असतात. सामायिक स्ट्रक्चरमध्ये एक घटक वाढवला किंवा कमी केला, तरी त्यापुढील सर्व घटकांचे स्थान सरकते. मग जुना ड्रायव्हर मेमरीत भलत्याच जागी वाचतो किंवा लिहितो. हे टाळण्यासाठी सर्व्हर एबीआयचे आवृत्ती क्रमांक पाळतो आणि न जुळणारे मॉड्यूल सामान्यतः नाकारतो. ज्या ड्रायव्हरचा स्रोत खुला नाही, तो केवळ त्याचा उत्पादकच नव्या एबीआयसाठी पुन्हा तयार करू शकतो. म्हणून कोडमध्ये एका ओळीचा दिसणारा बदलही वापरकर्त्याचा पडदा बंद पाडू शकतो.

तिसऱ्या सीमेच्या आत सर्व्हरचा निव्वळ खाजगी कोड येतो. तेथे बदलाचे स्वातंत्र्य सर्वाधिक असते. मात्र सर्व्हरमधील बहुतेक चिन्हे पूर्वी सर्व मॉड्यूलना दृश्य होती. कोणते फंक्शन खाजगी आणि कोणते सार्वजनिक हे निश्चित नसल्याने सुरक्षितपणे बदलता येईल असा भाग अल्प होता. त्यामुळे हेडर फाइलींचे सार्वजनिक व खाजगी असे विभाजन करणे आणि ड्रायव्हरना न लागणारी चिन्हे लपवणे ही कामे इतर सुधारणांची पूर्वअट ठरली.

प्रमुख टप्पे

२१ डिसेंबर २००५ रोजी एक्स११आर६.९ आणि एक्स११आर७.० या दोन आवृत्त्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. दोहोंचा स्रोत एकच होता. मात्र पहिली जुन्या एकसंध पद्धतीने इमेक या साधनाद्वारे तयार होत असे, तर दुसरी अनेक स्वतंत्र मॉड्यूलमध्ये विभागलेली असून ऑटोकॉन्फ व ऑटोमेक यांवर आधारित होती. यामुळे सर्व्हर, ड्रायव्हर आणि लायब्ररी यांच्या स्वतंत्र आवृत्त्या काढणे शक्य झाले. पुढे मेसन ही बांधणी प्रणाली स्वीकारण्यात आली आणि मुख्य शाखेतून ऑटोकॉन्फचा आधार काढून टाकण्यात आला.

त्यानंतरच्या वर्षांत वापरात नसलेला कोड मोठ्या प्रमाणावर वगळण्यात आला. छपाईसाठीचा एक्सप्रिंट, मंद जोडणीसाठीचा एलबीएक्स विस्तार आणि अनेक संगणकांचे पडदे जोडणारा एक्सडीएमएक्स हे त्यांपैकी काही होत. चित्रण वेगवान करणारी एक्सएए ही जुनी यंत्रणा २०१२ मधील १.१३ आवृत्तीत काढली गेली. एक्सफ्री८६ ४.० पासून आलेला स्वतंत्र मॉड्यूल-लोडर जाऊन त्याजागी ऑपरेटिंग सिस्टीमची स्वतःची सोय वापरली जाऊ लागली.

२०१० मध्ये मेमरी मिळवण्यासाठीच्या सर्व्हरच्या खास आवरण-फंक्शनांऐवजी सी भाषेतील प्रमाण फंक्शने वापरण्यात आली. प्रमाण नावांमुळे कोडचे विश्लेषण करणाऱ्या साधनांना मेमरीचा प्रवास ओळखणे सोपे झाले. मार्च २०१२ मध्ये इंडेंट या साधनाच्या आधारे संपूर्ण सर्व्हरच्या कोडला एकसमान मांडणी देण्यात आली. अशा बदलाचा एक तोटाही असतो. प्रत्येक ओळ ‘बदललेली’ दिसू लागल्याने एखादी ओळ मुळात कोणी व का लिहिली याचा माग काढणे अवघड होते. म्हणून मांडणीतील बदल आणि तर्कातील बदल एकाच कमिटमध्ये मिसळू नयेत, असा संकेत पाळला जातो.

२०१६ मधील १.१९ आवृत्तीत माउस व कळफलकाची निविष्टी हाताळण्याची पद्धत बदलण्यात आली. त्याआधी हे काम सिग्नल हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये होत असे. तेथे मेमरी मिळवण्यासारखी साधी क्रियाही सुरक्षित नसते. नव्या पद्धतीत त्यासाठी स्वतंत्र थ्रेड आला. त्याच आवृत्तीत सिलेक्ट या सिस्टीम कॉलऐवजी पोल वर्गातील कॉल वापरले गेल्याने सिलेक्टमधील संचाच्या ठरावीक आकाराचे बंधन दूर झाले.

सुरक्षेशी संबंध

सर्व्हरला ग्राफिक्स कार्डवर थेट नियंत्रण लागत असल्याने तो दीर्घकाळ सर्वोच्च अधिकारांसह (रूट) चालवला जात होता. त्यामुळे त्यातील लहान चुकीचेही गंभीर परिणाम संभवत. मार्च २००६ मध्ये कव्हरिटी या स्थितिक विश्लेषण साधनाने शोधलेली त्रुटी याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. सर्व्हर विशेष अधिकारांनी चालू आहे की नाही हे तपासणाऱ्या अटीत ‘गेटईयूआयडी’ या फंक्शनपुढील कंस लिहायचे राहिले होते. कंसाविना सी भाषेत ते नाव फंक्शनचा पत्ता दर्शवते आणि तो पत्ता कधीही शून्य नसतो. म्हणून ती अट नेहमीच सत्य ठरत असे आणि सामान्य वापरकर्त्यालाही आपले मॉड्यूल रूट अधिकारांनी चालवता येत असे. ही त्रुटी एक्स११आर६.९ आणि ७.० या आवृत्त्यांत होती.

जानेवारी २०१४ मध्ये सर्व्हर वापरत असलेल्या लिबएक्सफॉन्ट या लायब्ररीत, फॉन्टची फाइल वाचणाऱ्या कोडमध्ये, स्टॅकवरील मर्यादेबाहेर लिहिले जाण्याची त्रुटी उघड झाली. हा कोड १९९१ पासून तसाच होता आणि सीपीपीचेक या साधनामुळे ती लक्षात आली. डिसेंबर २०१४ मध्ये विनंत्यांची लांबी न तपासण्याशी संबंधित अनेक त्रुटी एकत्रितपणे जाहीर झाल्या. त्यांतील काही एक्स११च्या पहिल्या आवृत्तीपासूनच्या होत्या. संख्यांचा गुणाकार मर्यादेबाहेर जाऊन अपुरी मेमरी दिली जाणे ही चूक टाळण्यासाठी २०१५ मध्ये गुणाकार तपासून मेमरी देणारी फंक्शने सर्व्हरमध्ये आणण्यात आली.

क्लायंटचा बाइटक्रम सर्व्हरपेक्षा वेगळा असल्यास प्रत्येक विनंतीतील बाइट उलटवणारा स्वतंत्र कोड असतो. तो क्वचितच चालत असल्याने त्याची चाचणीही कमी होते. डिसेंबर २०२२ मध्ये या भागात स्टॅकची मर्यादा ओलांडणारी एक त्रुटी आढळली. त्यानंतर एक्सवेलँडच्या २३.१ आवृत्तीत अशा क्लायंटना मूळ स्थितीत प्रवेश बंद करण्यात आला. येथे कोड काढून न टाकता त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग बंद केला गेला.

२००९ पासून ग्राफिक्सची प्राथमिक मांडणी लिनक्सच्या कर्नलकडे जाऊ लागली आणि २०१४ मधील १.१६ आवृत्तीपासून योग्य प्रणालींवर हा सर्व्हर रूट अधिकारांविना चालवणे शक्य झाले.

पद्धती आणि साधने

अशा कोडमध्ये बदल करताना प्रत्येक पॅच लहान व एकाच हेतूचा ठेवला जातो. त्यामुळे बिघाड झाल्यास गिट या प्रणालीतील द्विभाजन शोधाने नेमका दोषी बदल सापडतो. केवळ मांडणीचा बदल असेल, तर आधीचा व नंतरचा यंत्रकोड ताडून पाहता येतो. वर्तनाची खातरजमा करण्यासाठी एक्सटीएस हा प्रोटोकॉल चाचणीसंच, चित्रणासाठी रेंडरचेक आणि सर्व्हरमधील घटक चाचण्या वापरल्या जातात. व्हॅलग्राइंड आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर ही साधने मेमरीचा गैरवापर कार्यकाळात पकडतात.

काही सुधारणा चुका कंपायलरच्या दृष्टीस पडतील अशा रीतीने रचलेल्या आहेत. बाइट उलटवणाऱ्या मॅक्रोंना पूर्वी एक जादा तात्पुरते चल द्यावे लागे. ते काढून त्याजागी चलाचा आकार कंपाइल होतानाच तपासण्याची सोय करण्यात आली. चुकीच्या आकाराचे चल दिल्यास प्रोग्रॅम तयारच होत नाही.

मतभेद आणि सद्यस्थिती

पुनर्रचनेचा लाभ कोड वाचणाऱ्याला होतो, तर तिची जोखीम वापरकर्त्याला उचलावी लागते. यामुळे तिच्या व्याप्तीविषयी मतभेद राहिले आहेत. सर्व प्रकारच्या जुन्या यंत्रणा व ड्रायव्हरांवर चाचणी घेणे शक्य नसल्याने चालू कोडला हात लावू नये, अशी एक भूमिका आहे. न बदललेला कोड हळूहळू कोणालाच न समजणारा होतो आणि मग सुरक्षेची दुरुस्तीही धोक्याची ठरते, अशी दुसरी भूमिका आहे. २०२४ व २०२५ मध्ये मुख्य शाखेत अंतर्गत पुनर्रचनेचे पॅच मोठ्या संख्येने समाविष्ट झाले. त्यांच्या गुणवत्तेवरून आणि अनुकूलतेवरील परिणामांवरून वाद निर्माण झाला. त्यांतील अनेक पॅच मागे घेण्यात आले आणि जून २०२५ मध्ये एक्सलिब्रे हा स्वतंत्र प्रकल्प सुरू झाला.

दरम्यान अनेक लिनक्स वितरणे वेलँड या नव्या प्रोटोकॉलकडे वळली आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मधून एक्स.ऑर्ग सर्व्हर वगळण्यात आला. तथापि, वेलँडवर जुने एक्स प्रोग्रॅम चालवणारा एक्सवेलँड हा सर्व्हर याच स्रोतातील उपकरणनिरपेक्ष व यंत्रनिरपेक्ष स्तर वापरतो. त्यामुळे स्वतंत्र सर्व्हरचा वापर घटत असला, तरी या सामायिक कोडची देखभाल आवश्यक राहिली आहे.