उकळणारा दगड

दगड तापवला की त्याला उकळी फुटते, असे कोणी सांगितले तर आपण ते हसण्यावारी नेऊ. पण १७५६ साली स्वीडनमधील खनिजशास्त्रज्ञ अ‍ॅक्सल फ्रेडरिक क्रोनस्टेट यांना जवळजवळ असेच दृश्य दिसले. निकेल या धातूचा शोध लावणारे ते हेच क्रोनस्टेट. फुंकनळीच्या ज्योतीत धरलेले एक खनिज फसफसून फुगले आणि त्यातून वाफ बाहेर पडली. ग्रीक भाषेत ‘झेओ’ म्हणजे उकळणे आणि ‘लिथॉस’ म्हणजे दगड. त्यावरून क्रोनस्टेट यांनी नाव दिले ‘झिओलाइट’.

स्फटिकात पाणी असणे ही तशी नवलाची गोष्ट नाही. मोरचूद तापवला की त्यातले पाणी निघून जाते, हा प्रयोग आपण वर्गात करतोच. परंतु तेथे पाण्याबरोबर स्फटिकही मोडतो आणि पांढरी भुकटी उरते. झिओलाइटचे तसे नाही. बेताने तापवून पाणी काढले तरी स्फटिक शाबूत राहतो आणि दमट हवेत ठेवला की पाणी परत घेतो, हे १८४० साली फ्रान्सच्या दामूर यांनी दाखवले. भाडेकरू गेले, पण घराच्या भिंती उभ्याच राहिल्या! मग त्या रिकाम्या घरात दुसरे कोणी राहू शकेल काय?

याचे नेमके उत्तर मिळण्यास बराच काळ लागला. १९२५ मध्ये वायगेल व स्टाइनहॉफ यांना असे आढळले की, चॅबाझाइट हे झिओलाइट पाणी, मिथेनॉल आणि इथेनॉल यांची वाफ आत घेते. पण अ‍ॅसिटोन, ईथर व बेंझीन यांना दारातच अडवते. लहान रेणू आत, मोठे बाहेर. १९३२ साली मॅकबेन यांनी अशा पदार्थांना ‘रेणूंची चाळणी’ म्हटले.

चाळणीची भोके कोठून आली, हे क्ष-किरणांनी उलगडले. सिलिकॉन किंवा अ‍ॅल्युमिनिअमच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू, असे हे चतुष्फलक कोपऱ्याला कोपरा जोडून एक सांगाडा उभारतात. त्यात ठरावीक मापाच्या पोकळ्या आणि खिडक्या असतात. सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनिअम आले की सांगाड्यावर एक ऋणभार येतो. त्याचा तोल सोडिअम, कॅल्शिअम यांसारखे आयन पोकळीत बसून सांभाळतात. ते घट्ट बांधलेले नसल्याने त्यांची अदलाबदल करता येते. जड पाण्यातील कॅल्शिअम घेऊन सोडिअम देणे, हा झिओलाइटचा गुण त्यातूनच आला.

या अदलाबदलीने खिडकीही लहानमोठी होते. ‘झिओलाइट-ए’ या कृत्रिम झिओलाइटमध्ये सोडिअम असता खिडकी सुमारे ४ अँगस्ट्रॉम असते. पोटॅशिअम घातल्यास ३, कॅल्शिअम घातल्यास ५. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

हे झिओलाइट-ए अमेरिकेत युनियन कार्बाइड कंपनीत रॉबर्ट मिल्टन यांनी तयार केले. त्याआधी ब्रिटनमध्ये रिचर्ड बॅरर यांनी झिओलाइटे प्रयोगशाळेत बनवण्याचा मार्ग दाखवला होता. १९५४ पासून कृत्रिम झिओलाइटे बाजारात आली, तर १९६२ पासून खनिज तेलातील मोठ्या रेणूंचे तुकडे करून पेट्रोल मिळवण्यासाठी त्यांचा उत्प्रेरक म्हणून वापर सुरू झाला. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात असे उत्प्रेरक विकसित करून कारखान्यांपर्यंत पोहोचवले.

महाराष्ट्राचा या खनिजांशी संबंध फार जुना आहे. दख्खनचा लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून स्टिलबाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट यांचे स्फटिक वाढले. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी कातळ फोडला गेला, तेव्हा असे सुंदर नमुने हाती आले. आजही नाशिक, जळगाव, पुणे भागांतील खाणींत ते सापडतात आणि जगभरच्या संग्रहालयांत जातात. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ते विद्यार्थ्यांना दाखवता येतील.

या दगडाचे मोल २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी कळले, जरी नाव फारसे कोणी घेतले नाही. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या यंत्रांत आणि रुग्णालयांच्या संयंत्रांत झिओलाइटच भरलेले असते. येथे मात्र चाळणीची उपमा अपुरी पडते. नायट्रोजन व ऑक्सिजन, दोघांचेही रेणू खिडकीतून आत जातात. पण पोकळीतील धन आयन नायट्रोजनला अधिक जोराने धरतात. दाब वाढवला की नायट्रोजन अडकतो आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे जातो. दाब कमी केला की नायट्रोजन सुटतो आणि झिओलाइट पुन्हा कामास तयार होते.

क्रोनस्टेट यांच्या फुंकनळीपासून येथवर २६५ वर्षे गेली. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न १७५६ सालीच लावून धरला असता, तर उत्तर ‘काही नाही’ असेच आले असते. विद्यार्थ्यांनी आणलेल्या खड्यांबद्दल आपणही हाच प्रश्न आधी विचारतो का, याचा विचार शिक्षकांनी जरूर करावा.

स्टिलबाइटचा चुरा मिळाला तर एक सोपा प्रयोग करता येईल. कोरड्या परीक्षानळीत चिमूटभर चुरा घालून नळी आडवी धरावी आणि मंद आचेवर तापवावी. डोळ्यांवर चष्मा असावा. नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतील. चुऱ्याचे वजन तापवण्यापूर्वी, तापवल्यानंतर आणि आठ दिवस दमट हवेत ठेवून पुन्हा करावे. गेलेल्या पाण्यापैकी किती परत आले, हे विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे.