गोंदण
सुयांनी त्वचेत काजळी भरून काढलेली कायमची नक्षी. आतल्या थरात बसल्याने काळा रंग हिरवट-निळा दिसतो. महाराष्ट्रात बायका कपाळावर, हनुवटीवर ठिपके आणि हातावर तुळशीवृंदावन गोंदून घेत. सोनेनाणे इथेच राहते, गोंदण मेल्यावरही सोबत येते, ही श्रद्धा. वेदना सोसून मिळवलेला हा दागिना सावकारालाही उतरवून घेता येत नसे. त्याचे खरे मोल हेच. पुढे शिकलेल्या मुलींना तो गावंढळ वाटू लागला. पुण्याजवळ मुळशी तालुक्यातल्या नांदे-हिंजवडी पट्ट्यात शहर शिरले, तसे यंत्राने काढलेले टॅटू आले. चेहऱ्यावरचे ठिपके मात्र मागे पडले. चेहऱ्यावरचे गोंदण इतरत्रही होते. जपानने १८७१ मध्ये तिथल्या मूलनिवासी ऐनू स्त्रियांच्या ओठांभोवतीच्या गोंदणावर बंदीच घातली. उलट न्यूझीलंडमध्ये नानाया माहुता २०२० मध्ये हनुवटीवरील मूलनिवासी माओरी परंपरेच्या गोंदणासह परराष्ट्रमंत्री झाल्या.