संगणकावरील चित्रकला : स्वाध्यायातून शिक्षण

उपयोजित कलेच्या पदवीसाठी बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना बहुधा छत्रपती संभाजीनगर वा मुंबई येथे जावे लागते. मात्र पूर्वतयारी गावातील संगणकावरही शक्य आहे. क्रिटा व इंकस्केप ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात.

पहिल्या स्वाध्यायासाठी बीडचे कंकालेश्वर मंदिर घ्यावे. रेखाटन, छाया व पाण्यातील प्रतिबिंब स्वतंत्र लेयरवर ठेवल्यास एक भाग सुधारताना दुसरा बिघडत नाही.

दुसऱ्या स्वाध्यायात त्याचेच भित्तिपत्रक करावे. ए-४ आकारात ३०० डीपीआयने छपाईसाठी २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. पडद्यावरील आरजीबी रंग सीएमवायके शाईत फिके पडू शकतात. हे छपाईनंतर कळल्यास कागद व पैसा वाया जातो. म्हणून आधी एक नमुना छापून पाहावा.

एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांसाठी केलेला हाताचा सराव येथेही उपयोगी पडतो.