पुस्तकाच्या पानांचे फिलर गेज

गोंडपिपरीच्या वर्गात समुद्र शिकवायचा म्हणजे नकाशावर बोट ठेवण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. सागवान मात्र इथल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. पाणी आणि वाळवी या दोघांनाही सहसा दाद न देणारे हे तेलकट लाकूड. याच लाकडाची 'सुहेली' ही ३२ फुटांची शिडाची होडी मुंबईत बांधली गेली. तीत बसून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून एकटेच निघाले आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिलेच. शर्यतीत नऊ जण उतरले होते, पुरी केली ती त्यांनीच.

वाटेत जे मोडले त्याची यादी मोठी आहे. अटलांटिकमध्येच तळाच्या फळ्यांच्या सांधीतून पाणी येऊ लागले. त्यांनी पाण्यात बुड्या मारून सांधीत सुताचा पीळ ठासला आणि वरून कॅनव्हासची पट्टी ठोकली. दक्षिणेकडील वादळात होडी आडवी झाली, टाकीतले पिण्याचे पाणी नासले, मग पावसाचे पाणी साठवावे लागले. संदेश पाठवणारा रेडिओ बंद पडला. न्यूझीलंड सोडल्यावर चार महिन्यांहून अधिक काळ त्यांचा ठावठिकाणा कोणालाच नव्हता.

एक दुरुस्ती तर वर्गात करून पाहण्यासारखी आहे. विजेऱ्या भारणाऱ्या यंत्राच्या मॅग्नेटोतील फट इंचाच्या काही हजारांश इतकीच ठेवायची होती आणि फिलर गेज जवळ नव्हते. त्यांनी एक पुस्तक घेतले. २०० पानांची जाडी एक इंच, म्हणजे एक पान पाच हजारांश इंच. पंधरा हजारांश हवे असतील, तर तीन पाने! (पान म्हणजे कागद, छापील पृष्ठे मोजली तर उत्तर दुप्पट चुकेल. मुले इथे हमखास फसतात.)

ऑस्ट्रेलियाजवळ वाऱ्यावर चालणारे स्वयंचलित सुकाणूही तुटले. एकटा माणूस चोवीस तास सुकाणू धरून बसू शकत नाही. पण पुढच्या शिडावरचा दाब नाळ वाऱ्यापासून दूर वळवतो, मागच्या शिडावरचा दाब ती वाऱ्याकडे आणतो. दोन्हींचा तोल साधला की होडी आपली दिशा बरीचशी स्वतःच धरते. सुहेलीला दोन डोलकाठ्या होत्या, ते इथे कामी आले.

सुहेलीच्याच धर्तीची 'थुरिया' ही होडी पुढे गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली. २०१८च्या शर्यतीत ती घेऊन नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी निघाले होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातील वादळात डोलकाठ्या मोडल्या. होडी तरंगत राहिली, पण टॉमींच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि उठणेही अशक्य झाले. दुरुस्ती करणारा हातच निकामी झाला होता. उपग्रहामार्फत पाठवलेल्या संदेशांवरून त्यांचा ठिकाणा कळला आणि २४ सप्टेंबरला एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलून घेतले.