वस्तुचित्राच्या पेपराची वंशावळ

भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्दच्या एखाद्या मुलीला पुढे चित्रकलेच्या कॉलेजात जायचं असेल, तर तिची वाट बारावीच्या आधीच, शाळेत सुरू होते, एलिमेंटरी या ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षेतल्या वस्तुचित्राच्या पेपरापासून. बाकं भिंतीकडे सरकवलेली. मधोमध टेबल, त्यावर एक पितळी लोटा, बाजूला खोकं आणि एखादं वांगं. मुलं अर्धगोल करून बसलेली. कोपर ताठ करायचं, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठा पेन्सिलीवरून सरकवत माप घ्यायचं: लोट्याची रुंदी त्याच्या उंचीत किती वेळा बसते? मग कागदावर मध्यरेषा, मग काठ, मग पोट, मग बूड.

पहिल्यांदा लोटा काढणारं जवळपास प्रत्येक मूल एकच चूक करतं. वरचा काठ ते नीट लंबगोल काढतं, पण बुडाला सरळ आडवी रेघ मारतं. लोटा टेबलावर सपाट टेकला आहे, मग बूड सरळच असणार, असा त्याचा हिशेब. ड्रॉइंगचे सर येऊन ती रेघ खोडतात. बूड डोळ्याच्या पातळीपासून काठापेक्षा जास्त खाली आहे, म्हणून त्याची गोलाई काठाहूनही जास्त दिसली पाहिजे. जे ठाऊक आहे ते काढू नको, जे दिसतंय ते काढ. भंडारा जिल्ह्यातल्या मुलांना कलाशिक्षणाचा हा पहिला धडा असा खोडरबरानं मिळतो, आणि त्या खोडरबराला दीड शतकाहून जास्त इतिहास आहे.

त्याचं मूळ शोधत गेलं की आपण लंडनला पोचतो. १८५१ मध्ये तिथल्या हाइड पार्कात जगभरच्या मालाचं मोठं प्रदर्शन भरलं. हिंदुस्थानातून गेलेलं कापड आणि धातुकाम पाहून इंग्रज जाणकार चकित झाले. यंत्रावर भरमसाट माल काढणाऱ्या त्यांच्या कारखान्यांपेक्षा इथल्या हातमागाची नक्षी सरस होती. आपल्या कारागिरांना रेखाटन शिकवलं पाहिजे, असं हेन्री कोल आणि चित्रकार रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी मनावर घेतलं आणि साउथ केन्सिंग्टनचा अभ्यासक्रम बांधला. त्याच्या वीसहून अधिक पायऱ्या होत्या: मुक्तहस्त रेषा, भूमिती, यथार्थदर्शन, लाकडी शंकू-घन-नळकांडी समोर ठेवून काढायची चित्रं, प्लास्टरच्या साच्यांवरून नक्षी. पायरीपायरीनं परीक्षा आणि परीक्षेला ग्रेड. आपल्या लोट्याचा थेट पूर्वज म्हणजे तो लाकडी शंकू.

ही पद्धत मुंबईला येऊन पोचली ती सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीमुळे. १८५३ मध्ये त्यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. त्यांच्या डोळ्यांसमोर चित्रकार नव्हते, कारागीर होते: मातीकाम, धातुकाम, लाकडावरचं कोरीवकाम करणारे हात. शाळा मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत सुरू झाली. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्याच वर्षी जुलैत झाली, म्हणजे कलाशाळा विद्यापीठाहून चार महिन्यांनी थोरली. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स आले आणि शिल्प, सजावटी चित्रकला, लोहकाम यांच्या कार्यशाळा उभ्या राहिल्या. क्रॉफर्ड मार्केटवरची उठावशिल्पं किपलिंगची. आज ज्याला आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतो, त्या स्टेशनच्या दगडावरची पानंफुलं, पक्षी आणि प्राणी घडवण्यात या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात होते.

ग्रिफिथ्सनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. हे काम वर्षानुवर्षं चाललं. केन्सिंग्टनला पाठवलेल्या त्यातल्या पुष्कळ नकला १८८५ च्या आगीत जळाल्या. ज्या मुलांनी त्या केल्या, त्यांच्या हाताला मात्र अजिंठ्याची रेषा कळली होती. लाकडी शंकू गिरवणाऱ्या शाळेला आपल्याच भूमीतला गुरू असा भेटला, ही मला तिच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

शाळेचा इतिहास सांगताना लोक १८५७ वर थांबतात. गोसीखुर्दकडून पाहिलं तर १८७९ आणि १८९३ ही वर्षं जास्त महत्त्वाची आहेत. १८७९ मध्ये ड्रॉइंग हा शिकवण्याचा विषय म्हणून आला, आणि १८९३ मध्ये ड्रॉइंग शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला. त्या वर्गातून एक नवा माणूस जन्माला आला: ड्रॉइंग मास्तर. तो स्वतः मोठा चित्रकार असेलच असं नाही. पण जिथे जे. जे., म्हणजे जमशेटजींची ती कलाशाळा, कधीच पोचणार नव्हती, तिथे तो पोचला. चित्रकार धुरंधरांच्या 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे' या आत्मकथनात ती जुनी शाळा आतून दिसते. महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापूरहून १८९० मध्ये जे. जे. त आले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३० मध्ये प्रभारी संचालकपदापर्यंत गेले. मुंबईबाहेरून येऊन त्या कलामंदिराचा कारभार हाती घेण्याची वाट त्यांनी चालून दाखवली.

भंडारा मात्र त्या वाटेवर नव्हतं. आपला जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हताच. तो मध्य प्रांतात होता आणि राजधानी होती नागपूर. मुंबईची कलाशाळा परप्रांतातली. नागपुरात नागपूर स्कूल ऑफ आर्ट उभी राहिली, आणि जंगलभागातल्या मुलांना हाताशी तीच होती. मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावात जन्मलेला एका वनाधिकाऱ्याचा मुलगा तिथे १९३९ ते १९४३ शिकला आणि मग मुंबईला जे. जे. त गेला. तो सय्यद हैदर रझा. वासुदेव गायतोंडे यांचा जन्मही नागपूरचा, १९२४ चा. त्यांनी पदविका घेतली जे. जे. मधून, १९४८ मध्ये. भारतीय आधुनिक चित्रकलेतली ही दोन मोठी नावं, आणि दोघांच्याही चरित्रात नागपूर आहे. नागपूरच्या कला महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६५ मध्ये कला संचालनालय स्थापन झालं आणि ग्रेड परीक्षांचा कारभार त्याच्याकडे आला. तेव्हापासून आपल्या पवनी तालुक्यातली मुलं आणि मुंबईच्या दादरमधली मुलं एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. पुढच्या इंटरमिजिएट परीक्षेला स्थिरचित्र येतं, आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. रंगपेटीवर बहुधा कॅमलचा उंट असतो. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या धंद्याचं ते पुढचं रूप. बारावीनंतर बी. एफ. ए. साठी जी सीईटी द्यावी लागते, तिच्यातही वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आहेतच; भर फक्त सामान्यज्ञानाच्या पेपराची. म्हणजे मुलीनं शाळेत लोट्याचं बूड नीट गोल केलं असेल, तर कॉलेजच्या दाराशी तिला तोच लोटा पुन्हा भेटतो.

घनभूमितीच्या पेपरात शंकू वरून कसा दिसतो आणि समोरून कसा, हे काढायचं असतं: प्लॅन आणि एलेव्हेशन. ही विद्याही त्याच घराण्यातली. १८९६ मध्ये जे. जे. त ड्राफ्ट्समनचा वर्ग निघाला, त्यातूनच पुढे वास्तुकलेचा विभाग वाढला. गोसीखुर्दला या रेघांची सर्वांत मोठी खूण डोळ्यांसमोर उभी आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते ज्या इंदिरासागर धरणाची पायाभरणी झाली, ते अकरा किलोमीटरहून लांब, तेहतीस दरवाज्यांचं धरण आधी कागदावर प्लॅन, एलेव्हेशन आणि सेक्शनमध्ये उभं राहिलं. पाटबंधारे खात्यात आरेखक आणि अनुरेखक ही पदंच असतात. नकाशावर जलाशयाच्या पातळीची रेघ कुणीतरी नीट, हात न थरथरता ओढली, आणि वैनगंगेकाठची जी गावं त्या रेघेच्या आत आली, त्यांना उठावं लागलं. ड्रॉइंगला दुय्यम विषय म्हणणाऱ्यांनी हा नकाशा एकदा पाहावा. रेघ किती वजनाची असते, हे पुनर्वसित गावांतल्या माणसांइतकं कुणाला कळलेलं नाही.

या वंशावळीला अजून एक शाखा आहे, आणि ती कागदावर कुठेच नोंदलेली नाही. गोसीखुर्द ज्या तालुक्यात येतं, त्या पवनीत १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या त्या कामात जगन्नाथ टेकडीखाली मोठा बौद्ध स्तूप सापडला. कठड्याच्या खांबांवर शिल्पं, आणि दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत. त्यातल्या एका खांबावर फणा पसरलेला नागराज मुचलिंद आहे आणि त्याच्या फण्याखाली रिकामं आसन. बुद्धाची मूर्ती न कोरता बुद्ध दाखवायचा, ही दोन हजार वर्षांपूर्वीच्या पवनीच्या शिल्पकाराला जमलेली गोष्ट. त्यानं कुठलीच ग्रेड घेतली नव्हती. संकल्पचित्राच्या पेपरात आपण मुलांकडून जे मागतो, ते त्यानं दगडात करून ठेवलं आहे.

ती शाखा तुटलेली नाही. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा पिकतो, ढिवर कुटुंबं अळ्या राखतात, आणि आंधळगाव-मोहाडीकडे त्या धाग्याचं कापड विणलं जातं. करवती साडीची किनार जवळून बघा. काठाचे दोन आणि अंगाचा एक, असे तीन धोटे चालतात. काठाचा रंग आणि अंगाचा रंग जिथे भेटतात, तिथे दोन धागे एकमेकांत अडकवून विणकर परत फिरतो. प्रत्येक फेरीत तो सांधा एकेक पायरी चढतो-उतरतो, आणि करवतीच्या दातांची ओळ तयार होते. नक्षी कापडावर नंतर लावलेली नाही, ती विणण्याच्या कृतीतच जन्मते. डिझाइन शिकवणाऱ्या कुठल्याही कॉलेजात हा पहिल्या वर्षाचा पाठ व्हावा. परीक्षेच्या टेबलावरचा लोटाही असाच. भंडाऱ्याला पितळेचं शहर म्हणतात ते उगाच नव्हे. ज्या हातांनी ठोके मारून तो काठ गोल केला, त्यांना लंबगोलाचं गणित कुणी शिकवलं नव्हतं, तरी तो काठ चुकलेला नाही.

आणि झाडीपट्टीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा, पेंटर. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांबरोबर नाटकांचा हंगाम लागतो, तेव्हा गावोगावच्या मंचांवर राजवाडा, जंगल, रस्ता असे रंगवलेले पडदे उलगडतात. राजवाड्याच्या खांबांच्या ओळी मागे लहान होत जातात. केन्सिंग्टनच्या अभ्यासक्रमातलं यथार्थदर्शन पारशी रंगभूमीच्या पडद्यांवर आलं, तिथून संगीत नाटकात आणि तिथून झाडीत. कापडावर खडूची दोरी आपटून रेघा मारणाऱ्या पेंटरनं ते उस्तादाच्या शेजारी उभं राहून उचललं. फ्लेक्स आल्यावर दुकानांच्या पाट्या त्याच्या हातून गेल्या.

जमशेटजींचा पैसा ज्यांच्यासाठी होता, ते हे लोक. विणकर, भांडी घडवणारे, पडदे रंगवणारे. त्यांच्या हातांसाठी आखलेली परीक्षा आज त्यांच्या मुलांना भेटते ती दहावीच्या वाढीव गुणांची सोय म्हणून: इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर ७, बी ला ५, सी ला ३. गुणांसाठी परीक्षा द्यायला माझी हरकत नाही. गुणांच्या निमित्तानं का होईना, मूल एक दिवस लोट्याकडे टक लावून बघतं. मला काळजी आहे ती ड्रॉइंगच्या सरांची. ते निवृत्त झाले की अनेक शाळांत ती जागा रिकामीच राहते, नाहीतर तासिकेवर कुणीतरी येतं. १८९३ मध्ये तयार झालेला तो दुवा निसटला, तर गोसीखुर्दच्या मुलीला नागपूरच्या कॉलेजचा अर्ज कुठे मिळतो हेही कळणार नाही. एस. टी. नं भिवापूर-उमरेड मार्गे पोचता येईल इतकं ते कॉलेज जवळ आहे, पण तिथे जायचं असतं हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

पवनीच्या परीक्षा केंद्रावर संकल्पचित्राच्या पेपरात करवती किनार समोर ठेवता येईल. स्थिरचित्राच्या मांडणीत फळाबरोबर कोशाची फांदी ठेवता येईल. विणकरांच्या मुलांसाठी मागावरचं काम हेच प्रात्यक्षिक धरता येईल, आणि ते तपासायला आंधळगावचा एखादा जुना विणकर परीक्षक म्हणून बसवता येईल. कला संचालनालयानं मनावर घेतलं, तर यातलं पहिलं काम येत्या परीक्षेच्या हंगामातही होऊ शकतं.