सुरतेचा पंच आणि सयामची पाने

गेल्या वैशाखात आमच्या कामरेजच्या घरी सत्यनारायणाची पूजा होती. पूजेस म्हणून आमचा भाचा बँकॉकहून आला आणि येताना गर्द हिरव्या, जोडपानांच्या आकाराच्या सुगंधी पानांची एक पुडी घेऊन आला. सयामी लोक ज्या लिंबास मक्रूट म्हणतात, त्याची ती पाने. संध्याकाळी येणाऱ्या पाहुण्यांस थाई धर्तीचा पंच करून द्यावा, असा त्याचा बेत होता. पंच म्हणजे साहेबी मेजवान्यांतील ते जुने मिश्र पेय. आमच्या मावशींनी नाव ऐकताच हातातील दूर्वा खाली ठेवल्या आणि त्या आपल्या माहेरच्या कोंकणीत म्हणाल्या, "देवाच्या पंचामृताचें नांव सोऱ्याक दिवूं नाका." ज्या दिवशी देवाला पंचामृत, त्याच दिवशी दारूच्या पेयाला त्याचे नाव, हे त्यांस रुचले नाही.

भाच्याची तक्रार नेमकी उलट होती. तो म्हणाला, "मामा, नावाचे सोडा, पण दारूवाचून पंच म्हणजे नुसते सरबत. आणि दमण काही लांब नाही." दमणचा प्रश्न आम्ही जागच्या जागी निकालात काढला. गुजरातेत दारूबंदी आहे, आणि वकिलाच्या घरात तरी तो विषय चर्चेस घेण्याचे कारण नव्हते. परंतु दोन मुद्दे शिल्लक राहिले. पंच हे नाव पंचामृतावरून आले काय? आणि दारू वगळली तर पंच हा पंच राहतो काय? दोन्ही पक्ष घरचे असल्यामुळे न्यायाधीशाचे काम आमच्याकडे आले. साक्षीपुरावा तपासला तो येथे वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम स्थळाविषयी. कामरेज म्हटले की आज बहुतेकांस मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चौरस्ता तेवढा आठवतो. परंतु सुरतेहून सुमारे वीस किलोमीटर वर, तापीच्या काठी असलेले हे गाव सुरतेहून फार जुने आहे. सातव्या शतकातील गुजरातच्या चालुक्यांच्या ताम्रपटांत कार्मणेय-आहार नावाचा प्रदेश येतो. तो कामरेजचा असे विद्वान मानतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात भडोचच्या आखाताच्या तोंडाशी कम्मोनी नावाचे गाव सांगितले आहे. तेही कामरेजच असावे, असा तर्क आहे. २००३ साली येथे उत्खनन झाले, त्यामागेही याच ग्रंथाची प्रेरणा होती. याच ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाच्या यादीत पहिला मान द्राक्षमद्यास आहे: इटलीचे विशेष पसंतीचे, त्याखालोखाल लाओडिकियाचे आणि अरबस्तानचे. म्हणजे परदेशी पेय या किनाऱ्यावर उतरणे ही गोष्ट दोन हजार वर्षांची आहे. पंचाची गोष्ट मात्र उलट्या दिशेची. तो येथून बाहेर गेला.

इंग्रजांची वखार सुरतेत १६१३ साली स्थिर झाली. १६३८ साली योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो नावाचा एक तरुण जर्मन सरदार इराणमार्गे सुरतेस आला. वखारीचा अध्यक्ष मेथवोल्ड याने त्याचा पाहुणचार केला. या मुक्कामाच्या वर्णनात तो सांगतो की वखारीतील मंडळींपैकी काही चहा घेत, तर काही 'पालेपुंट्स' नावाचे पेय घेत. त्यात मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर असे. पालेपुंट्स हा 'बोल ऑफ पंच', म्हणजे वाडगाभर पंच, या इंग्रजी शब्दांचा जर्मन कानाने केलेला अपभ्रंश. पंचात काय काय पडत असे हे सांगणारी याहून जुनी नोंद आमच्या पाहण्यात नाही.

यावरून पंच सुरतेत जन्मला, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. १६३२ साली कंपनीच्या एका माणसाने पूर्व किनाऱ्यावरील पेटापोलीच्या व्यापाऱ्यास लिहिलेल्या पत्रात हा शब्द आधीच आला आहे, आणि तोही कसलाच खुलासा न करता. खुलासा नाही याचा अर्थ लिहिणाऱ्यास आणि वाचणाऱ्यास तो परिचित होता. तेव्हा सुरतेचा हक्क जन्मभूमीचा नव्हे. पहिल्या वर्णनाचा हक्क तेवढा तिचा, आणि तो निर्वेध आहे.

आता नावाचा मुद्दा. 'पंच' म्हणजे हिंदुस्थानी भाषेतील पाच, आणि पेयात पाच जिन्नस म्हणून हे नाव, असे स्पष्ट सांगणारा साक्षीदार म्हणजे कंपनीचा शस्त्रवैद्य जॉन फ्रायर. तो १६७० नंतरच्या दशकात या किनाऱ्यावर होता. त्याचे पुस्तक १६९८ साली निघाले. आमच्या गोमंतकीय वाचकांस विशेष वाटावे असे पुढेच आहे: गोव्याजवळच्या नेरूळ येथे उत्तम अर्क निघतो आणि त्यापासूनच या किनाऱ्यावरचे इंग्रज हा पंच करतात, असे तो लिहितो, आणि या पेयाने माणूस दुबळा होतो, असा शेराही मारतो.

फ्रायरची साक्ष चांगली आहे. पण उलटतपासणीत ती पूर्ण टिकत नाही. कारण जिन्नस मोजू लागलो की साक्षीदारांचे एकमत होत नाही. मांडेल्स्लोच्या सुरतेत ते चार. ला बुलै-ल-गूझ या फ्रेंच प्रवाशाच्या १६५३च्या पुस्तकात पाच: साखर, लिंबाचा रस, मद्यार्क, जायपत्री आणि भाजलेले बिस्किट. औरंगजेबाच्या काळात बंगाल पाहणारा बर्निये पुन्हा चार सांगतो: काळ्या साखरेचा अर्क, लिंबाचा रस, पाणी आणि थोडे जायफळ. तोही या पेयास चवीला गोड पण प्रकृतीला घातक म्हणतो. शिवाय शब्दशास्त्रज्ञांची एक हरकत आहे. त्या काळच्या इंग्रजी उच्चारात हा शब्द 'पुंच'च्या जवळ जात असे, म्हणून काही जण त्याचे मूळ 'पंचन' या मोठ्या लाकडी पिपाच्या इंग्रजी नावात शोधतात. आमचा निर्णय असा: पाच या अंकाशी संबंध संभवनीय आहे, सिद्ध नाही.

पंचामृताशी संबंध मात्र संभवनीयही नाही. दूध, दही, तूप, मध आणि साखर हे पंचामृताचे घटक. त्यांत आंबट फळाचा रस नाही, पाणी नाही, मसाला नाही, अर्क तर नाहीच. दोन्ही यादींत समान असा जिन्नस एकच, साखर. कोणाही जुन्या साक्षीदाराने पंचामृताचे नाव घेतलेले नाही. आपल्या लोकांस परदेशी वस्तूचे मूळ आपल्या देवघरात सापडले की आनंद होतो. पण पुराव्यावाचूनचा अभिमान हा देवाचाही मान नव्हे. मावशींचा पहिला मुद्दा आम्ही येथेच मान्य केला.

भाच्याचा मुद्दा अधिक कठीण होता. दारू हाच पंचाचा आत्मा आहे काय? पुरावा पाहता असे दिसते की सुरतेतून बाहेर पडल्यावर या पेयाने आपले सगळे जिन्नस वाटेत बदलले. कोठे ताडमाडाचा अर्क, कोठे उसाचा, युरोपात द्राक्षांचा, वेस्ट इंडीजमध्ये रम. गुलाबपाणी गेले, जायफळ आले; बिस्किट आले आणि गेले. बदलली नाही ती रचना: काही आंबट, काही गोड, काही कडक, काही सौम्य आणि वर सुगंध. पुढे इंग्रजी जगात या रचनेचे एक सूत्रच झाले, आंबट एक भाग, गोड दोन, कडक तीन, सौम्य चार. 'कॉकटेल' या शब्दाची व्याख्या अमेरिकेतील एका वृत्तपत्राने १८०६ साली छापली. पंच त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधीचा.

सयामची साक्ष तर आमच्या प्रकरणात प्रत्यक्ष लागू पडते. १६८७ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने सिमों द ला लुबेर यास सयामच्या नारायी राजाकडे वकील म्हणून पाठविले. राजाचे नाव नारायणावरून आणि राजधानी अयुथ्याचे अयोध्येवरून आलेले. ला लुबेरचा सयामवरील ग्रंथ १६९१ साली प्रसिद्ध झाला. तेथे राहणारे इंग्रज पंच करतात, असे सांगून तो कृतीही देतो: एक माप लिंबाच्या सरबतास अर्धे माप मद्यार्क, त्यात जायफळ आणि भाजलेल्या जहाजी बिस्किटाचा चुरा. म्हणजे सुरतेच्या वखारीतील पेय पन्नास वर्षांच्या आत सयामात पोचले होते. त्यात नवल नाही. गुजरातचे कापड त्या काळी सयामात जातच होते, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात सुरतेच्या मस्कती या बोहरा व्यापाऱ्यांनी बँकॉकमध्ये पेढी थाटून तेथे मोठे नाव मिळविले. तेव्हा भाच्याची पुडी ही काही नवलाईची भानगड नव्हती. गेलेल्या पाहुण्याचे ते उशिरा आलेले उत्तर होते.

परंतु दारूची सुरत जिल्ह्यातील गोष्ट वखारीच्या बागेत संपत नाही. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने आणि १८९२च्या मोहाविषयीच्या कायद्याने घरी गाळणे बंद झाले; मक्त्याची दारू तेवढी उरली. आदिवासी पाड्यांत तिच्या दुकानांपायी कर्ज आणि कर्जापायी जमीन गेली. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांत एका देवीची पूजा सुरू झाली. डोंगरपट्टीतून फिरत ती वर्षअखेरीस सुरत जिल्ह्यात आली. देवी अंगात आलेल्यांच्या तोंडून आज्ञा निघे: दारू सोडा, ताडी सोडा. हजारो आदिवासींनी ती सोडली. मराठी किनाऱ्यावरून निघालेली ही देवी कोणा कायद्याची वाट पाहत थांबली नव्हती. १९४९चा दारूबंदी कायदा आणि राज्यघटनेचे सत्तेचाळिसावे कलम ही पुढची गोष्ट. कायद्याची अंमलबजावणी कशी होते, हे न्यायालयांत वावरणाऱ्यास कोणी सांगावयास नको. पण या भूमीवर पेला रिकामा ठेवण्याचा निश्चय आधी गरिबांनी केला, एवढे तरी आम्ही विसरू नये.

म्हणून आमचा निकाल असा. ज्या पेयाने चार देशांत चार अर्क बदलले, त्याचा आत्मा अर्कात नाही. कडक भागाच्या जागी कडक असे काही हवे, एवढीच रचनेची मागणी आहे. ते मादकच हवे असे नाही. भाच्यास आम्ही म्हटले, "तुझ्या पानांनीच ती जागा भर."

कृती सोपी आहे. पाच जणांस पुरते. तीन वाट्या पाण्यात गवती चहाच्या आठदहा पाती गाठ मारून आणि कुलिंजनाचा इंचभर तुकडा ठेचून टाकावा. सयामी लोक ज्यास खा म्हणतात त्याच जातीचे हे मूळ. न मिळाल्यास आले चालते, चव मात्र वेगळी येते. पाणी निम्मे होईतो उकळावे. मक्रूटची चार पाने शिरा काढून, विस्तव बंद केल्यावरच घालावीत आणि वर झाकण ठेवावे. उकळली तर कडवटपणा उतरतो. गार झाल्यावर गाळावे. हा दीड वाटी काढा म्हणजे आपला कडक भाग. त्यात अर्धी वाटी लिंबाचा रस, समभाग साखरपाण्याचा एक वाटी पाक आणि दोन वाट्या शहाळ्याचे पाणी घालावे. मांडेल्स्लोच्या स्मरणार्थ चमचाभर गुलाबपाणी, ला लुबेरच्या स्मरणार्थ किसलेले चिमूटभर जायफळ. बिस्किट आम्ही माफ केले. बर्फ शेवटी.

भाच्याने वर तुळशीचे पान ठेवावयास घेतले, कारण सयामी स्वयंपाकात तुळस पडते. मावशींनी त्याचा हात धरला, तुळस देवाची. मग अंगणातील सब्ज्याची पाने आणली. थाई लोक ज्यास होराफा म्हणतात ती याच सब्ज्याची एक जात आहे, त्यामुळे सयामचेही काही बिघडले नाही.

पाहुण्यांस पेले दिले. मावशींनी आधी देवापुढे पंचामृत ठेवले, तीर्थ घेतले आणि मग पेला हाती घेऊन विचारले, "याचे नाव काय ठेवलेत?" भाचा आमच्याकडे पाहू लागला. आम्ही म्हटले, "नाव पंचच, पाच जिन्नस तुम्ही स्वतः मोजून घ्या." त्यांनी मोजले. सात भरले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या साक्षीदारांचेही जमले नव्हते, मग आमचे कशाला जमावे?" आणि दुसरा पेला मागितला.