डाव्या हाताचें ओझें



नगरहून, म्हणजे २०२४ पासून ज्याचें अधिकृत नांव अहिल्यानगर झालें आहे त्या शहराहून, छत्रपति संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नेवासें तालुक्यांत घोडेगांव लागतें. कांद्याचा व जनावरांचा बाजार ही या गांवाची ख्याति. शिवाय शनिशिंगणापुराकडे जाणारा फांटाही येथूनच फुटतो. बाजाराच्या दिवशीं कांद्याच्या गाड्या, म्हशी आणि यात्रेकरू यांची रस्त्यावर एकच दाटी होते. अशा दाटींतून एखादा हौशी गृहस्थ जुनी मोटारसायकल घेऊन निघाला, तर इंजिनापेक्षां त्याच्या डाव्या हाताचीच कसोटी अधिक लागते. चार पावलें पुढें जावयाचें, पुन्हां थांबावयाचें, आणि दर खेपेस क्लचचा दांडा मुठींत आवळून धरावयाचा. दांडा जड असेल तर मैलभरांत मनगट भरून येतें. ‘गाडी जुनी, तेव्हां क्लच जड असावयाचाच,’ अशी मनाची समजूत घालून पुष्कळ लोक हें दुःख सोसतात, आणि कांहीं तर याच कारणास्तव चांगली गाडी विकून टाकतात. ही समजूत कितपत खरी आहे, आणि हें ओझें मुळांत हातावर आलें कसें, याचा विचार आज आपण करूं.

वाफेच्या इंजिनाला क्लच लागत नाहीं. बाष्पकांत वाफ कोंडलेली असते. ती सोडली कीं उभें चाक फिरूं लागतें. पेट्रोलच्या इंजिनाची जात निराळी. तें फिरत असेल तरच जोर देतें. थांबलें कीं त्याचा सारा जोर संपला. म्हणून इंजिन चालू आणि चाक मात्र स्थिर, अशी एक अवस्था गाडींत असावी लागते. आरंभींच्या यंत्रकारांना ही सोय करतां आली नव्हती. म्यूनिक येथें १८९४ सालीं हिल्डेब्रांड व वोल्फम्यूलर यांनीं बाजारांत आणलेल्या मोटारसायकलींत इंजिनाचे दांडे सरळ मागच्या चाकाशींच जोडलेले होते. चाक थांबलें कीं इंजिन थांबे. पुढें चामड्याच्या पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्या आल्या, त्यांपैकीं पुष्कळांची तीच गत होती. स्वारानें गाडी धरून धांवावें, इंजिन पेटलें कीं उडी मारून बसावें, आणि वाटेंत कोणी आडवें आलें तर पुन्हां सारा खटाटोप करावा. अशी गाडी घोडेगांवच्या बाजारांतून नेणें किती कठीण झालें असतें, याची कल्पना सहज करतां येईल.

यावर जो उपाय निघाला तो घर्षणाचा. इंजिनाकडून फिरणारी एक चकती व गिअरपेटीकडे जोर नेणारी दुसरी चकती या स्प्रिंगांच्या दाबानें एकमेकींस घट्ट चिकटवून ठेवावयाच्या, आणि स्वारास वाटेल तेव्हां हा दाब दूर करावयाचा, एवढेंच त्याचें मर्म. हेली-शॉ या इंग्लिश अभियंत्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं दोनांऐवजीं अनेक चकत्या एकावर एक रचण्याची युक्ति पुढें आणली. क्लचची पकड चार गोष्टींवर अवलंबून असते: स्प्रिंगांचा दाब, पृष्ठभागाचा खरखरीतपणा, चकतीचा व्यास आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. ही संख्या वाढविली तर तितकीच पकड कमी दाबांत साधते. जड क्लचवरील पहिला शास्त्रीय उपाय हाच होय.

१९१५ सालीं निघालेल्या ‘ट्रायम्फ मॉडेल एच्’ या गाडींत क्लच, तीन गतींची गिअरपेटी आणि लाथेनें इंजिन सुरू करण्याची सोय एकत्र आली. पहिल्या महायुद्धांत निरोप्या शिपायांसाठीं अशा सुमारें तीस हजार गाड्या सैन्यानें घेतल्या. बॉउडन या गृहस्थानें १८९६ सालीं नळीतून सरकणाऱ्या तारेचें पेटंट घेतलें होतें. मूळची ती सायकलच्या ब्रेकची सोय. याच तारेनें क्लचचें काम मुठीपर्यंत आणून पोंचविलें. अमेरिकन गाड्यांनीं मात्र दीर्घ काळ पायाचा क्लच व हाताचा गिअर अशी उलट व्यवस्था ठेविली. दुसऱ्या महायुद्धांतील सैनिकी हार्ले-डेव्हिडसनही तशीच होती. पायास बळ अधिक, हें खरें. पण गाडी थांबतांना तोल सांवरण्यास पाय मोकळा असणें बरें, म्हणून अखेर हाताचीच पद्धत रूढ झाली.

आपल्या देशांत १९५५ सालीं मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि बुलेट येथेंच तयार होऊं लागली. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं म्हैसूरला जावा गाड्यांचा कारखाना उभा राहिला. जावाच्या कारागिरांनीं ओझें वांटून घेण्याची एक नामी तऱ्हा योजिली होती. पायानें गिअरचा दांडा दाबला कीं आंतल्या आंत क्लचही सुटे. गिअर बदलतांना मूठ आवळलीच पाहिजे असें नसे.

आतां दुरुस्तीकडे वळूं. मिस्त्रीकडे गेल्यावर पहिला हात बहुधा स्प्रिंगांना लागतो. त्या सैल केल्या कीं दांडा हलका होतो आणि मालक खूष होतो. परंतु घोडेगांवहून नगरकडे येतांना वाटेंत इमामपूरचा घाट आहे. मागें माणूस बसलेलें असतां चढावर ही हलकी पकड घसरूं लागते. इंजिन ओरडतें, गाडी सरकत नाहीं, आणि प्लेटा जळून जातात. स्प्रिंगांचा दाब हें गाडीचें सामर्थ्य आहे. तें कमी करून हाताचें दुःख घालविणें म्हणजे बैल अशक्त करून कासरा हलका करणें होय.

म्हणून प्रथम क्लचची तार गिअरपेटीकडील टोकाशीं सोडवावी आणि मोकळा दांडा ओढून पाहावा. तरीही तो अडखळत असेल तर दोष तारेंत किंवा दांड्यांत आहे. तार कोठें तीव्र वळण घेते काय, हँडल वळवितांना चिमटते काय, तिचे धागे तुटले आहेत काय, हें पाहावें. साधी तार असेल तर ती उभी टांगून वरच्या तोंडाशीं कागदाचें नरसाळें बांधावें व पातळ तेल रात्रभर झिरपूं द्यावें. आंतून नायलॉनचें अस्तर असलेल्या नव्या तारेस मात्र तेल घालूं नये. दांड्यांतील निपल आपल्या घरांत मोकळेपणें फिरला पाहिजे, नाहींतर दर खेपेस तार वाकते व अखेर तुटते. दांड्याच्या पिनेपासून निपलचें अंतरही मोजावें. जुन्या ब्रिटिश गाड्यांना सात अष्टमांश इंचाचे व एक पूर्णांक एक सोळांश इंचाचे असे दोन प्रकारचे दांडे येत. पहिल्याच्या जागीं दुसरा बसविला तर हाताला सुमारें एक-पंचमांश जोर अधिक लावावा लागतो. हलका दांडा तार कमी ओढतो, हेंही ध्यानांत ठेवावें, कारण यंत्रशास्त्रांत जोर वांचला तर अंतर वाढतें. फुकट कांहींच मिळत नाहीं.

दांडा व तार निर्दोष असतील तर गिअरपेटीकडे यावें. तेथील आडवा बाहू अर्ध्या खेचीस तारेशीं काटकोनांत असावा. तिरपा असेल तर जोर वायां जातो. पोकळ दांड्यांतून जाणाऱ्या पुश रॉडचीं टोकें चेपून पसरलीं असतील तर रॉड बदलावा. शेवटीं प्लेटा उघडाव्या. त्या झिजल्या किंवा भलत्या तेलानें माखल्या म्हणजे घसरतात, आणि घसरण थांबावी म्हणून कोणीतरी स्प्रिंगा पिळून ठेवतो. पुष्कळ जड क्लचांचा जन्म असा होतो. प्लेटा धुवून किंवा बदलून स्प्रिंगांचे स्क्रू मूळ मापावर, सर्व सारखे ठेविले, तर प्रेशर प्लेट सरळ उचलते आणि हाताची तक्रार बहुधा उरत नाहीं.

या इतिहासांतील एक प्रकरण नगरचेंच आहे. नगरच्या फिरोदिया घराण्यांतील हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीनें १९७२ सालीं ‘लुना’ ही पन्नास घनसेंटिमीटरची दुचाकी काढली आणि तिचा कारखाना नगरला चालविला. लुनाला क्लचचा दांडाच नव्हता. इंजिनाचा वेग वाढला कीं आंतील ठोकळे केंद्रोत्सारी जोरानें बाहेर फेकले जात व भोंवतालच्या डब्यास धरीत. वेग उतरला कीं ते आपोआप सुटत. मुठीचें काम इंजिनानेंच पत्करलें. त्यामुळें मोटारसायकलची ज्यांना धास्ती वाटे अशा शिक्षिका, विद्यार्थी व वयस्कर माणसें निःशंकपणें रस्त्यावर आलीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेंही गिअर असलेल्या व नसलेल्या दुचाकींच्या परवान्यांचे वर्ग वेगळे ठेविले आहेत.

लुनाचें उत्पादन पुढें बंद पडलें. २०२४ च्या फेब्रुवारींत त्याच नांवाची विजेवर चालणारी गाडी बाजारांत आली. तिला क्लच मुळींच नाहीं, कारण विजेची मोटर वाफेप्रमाणेंच थांबल्या जागेपासून जोर देते. पेट्रोलच्या इंजिनांतील एक उणीव माणसाच्या डाव्या हातानें शतकाहून अधिक काळ भरून काढली, असा या सर्वांचा अर्थ. जुन्या गाड्या ज्यांनीं जतन केल्या आहेत त्यांच्या हाताला ही सेवा यापुढेंही करावीच लागेल. ती सुसह्य करण्यास फार खर्च लागत नाहीं. स्प्रिंगांना हात लावण्यापूर्वीं तार, दांडा, बाहू व प्लेटा या क्रमानें पाहण्याचा धीर तेवढा हवा. मग बाजाराच्या दिवशींही घोडेगांव ओलांडतांना मनगटाची आठवण होणार नाहीं.